न झालेल्या कुस्तीचा निकाल

आमच्या गावाचा वर्तमानपत्रावरचा विश्वास माझ्यामुळं उडाला. लोक त्याचा दोष इंग्रज सरकारला देतात, लढाईला देतात, एकदा तर कोणी कागदाच्या टंचाईला दिला. तो त्यांचा मोठेपणा.

लढाईचाही थोडा हात होता, हे कबूल. 'आमच्या फौजांनी ठरल्याप्रमाणे माघार घेतली' असं छापून आलं, की पलटणीतून पेन्शनीवर आलेले म्हातारे पारावर एकमेकांकडं बघायचे. पळायचं आधी ठरवून ठेवतात व्हय, म्हणायचे. पण ते दूरदेशीचं खोटं होतं. गावातलं खोटं मी आणलं.

आमचं गाव कुंडलपासून दोन कोसांवर. माझे यजमान तिथं शाळामास्तर. (घरातही मी त्यांना मास्तरच म्हणायची. दुसरं काही म्हणायला सवड नव्हती.) मास्तर तीन कामं करायचे: शाळा चालवायची, शाळेच्याच खोलीत गावचं टपाल सांभाळायचं, आणि साताऱ्याच्या एका साप्ताहिकाला बातम्या धाडायच्या. तिन्ही कामांना टेबल एकच आणि दौतही एकच.

अडचण अशी होती, की टपालाची थैली दुपारी एकला निघायची आणि आमच्या गावात एकच्या आधी काहीच घडायचं नाही. सभा चारला, बक्षीस समारंभ पाचला, भांडणं दिवेलागणीला. शिळी बातमी धाडली तर संपादक छापत नसत. म्हणून मास्तर बातमी आधी लिहायचे आणि कार्यक्रमाला मागून जायचे. 'सभा शांततेत पार पडली. समारंभ उत्साहात झाला.' दहा वर्षांत एकदाही चूक निघाली नाही. एका सभेत बाकं फेकली गेली तेव्हासुद्धा 'उत्साहात' हा शब्द चालून गेला.

त्या वर्षी जत्रेच्या दिवशी मास्तरांना हिवताप चढला. आणि त्या जत्रेच्या मैदानात शेवटची कुस्ती होती ती माझ्या दिराची, शिदूची. आणि समोर होता माझ्या नणंदेचा नियोजित नवरा!

हे कसं झालं ते सांगते. बापू कवठे महांकाळकडचा, पलटणीतला गडी, अठ्ठावीस दिवसांच्या रजेवर आलेला. जत्रेच्या पंचांनी त्याची आणि शिदूची जोड लावली. त्यानंतर दोन दिवसांनी त्याच बापूचं स्थळ आमच्या हौसाला आलं. मुलगा बघायला आला, हौसानं त्याला बघितलं, आणि आत येऊन मला म्हणाली, "वैनी, ह्यो चालंल." हौसा एवढंच बोलायची. आधीच्या तीन स्थळांना तिनं तेवढंही म्हटलं नव्हतं. सुपारी फुटली. रजा संपायच्या आत लग्न उरकायचं, कारण पुढची रजा कधी मिळेल आणि मिळेल का, हे विचारायचं नसतं. पण एकदा लागलेली जोड कशी मोडणार? पैलवान आजारी पडेल, पण जोड मोडणार नाही.

माझ्या सासूबाई शिदूला म्हणाल्या, पाव्हण्याला पड. शिदू म्हणाला, आई, मी विहिरीत पडंन. संपलं बोलणं.

तर जत्रेच्या सकाळी मास्तर दोन घोंगड्यांखाली कुडकुडत होते. साडेबारा वाजले. म्हणाले, "तू लिही. शेवटची कुस्ती बरोबरीत सुटली, एवढंच लिही." आणि पुन्हा घोंगडीत गेले.

तेवढंच लिहिलं असतं तर ही आठवण सांगायचं कारण नव्हतं.

पण मी विचार केला. (इथंच माझं नेहमी चुकतं.) साताऱ्याचं साप्ताहिक आमच्या भागात वाचतात. कवठ्याकडची माणसं सांगलीचं घेतात. इथलं छापलेलं तिथं कोण वाचणार? मग घरच्या पैलवानाला दोन ओळी दिल्या तर कोणाचं काय जातं? मी आयुष्यात कुस्ती पाहिली नव्हती. बायका मैदानात जात नसत. पण जेवताना शिदूच्या तोंडून डावांची नावं ऐकून ऐकून सहा मला पाठ होती: एकेरी पट, ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी, टांग. सहाही एका कुस्तीत घातली. शेवटी लिहिलं, 'कवठ्याच्या पैलवानास अंगास लागलेली माती झटकण्यासही सवड मिळाली नाही.' हे वाक्य मला फार आवडलं. दोनदा वाचलं. पाकीट थैलीत टाकलं, थैली बांधली, मास्तरांच्या वतीनं लाख लावून शिक्का मारला. टपालवाला महादू खांद्यावर थैली टाकून निघून गेला.

तो वेशीबाहेर पडला असेल नसेल, तोच समोरून फौजदार आला. चळवळीचे दिवस. जमावबंदीचा हुकूम. मैदान बंद, कुस्त्या बंद, हलगीसुद्धा बंद. दोन कोसांवरून चालत आलेली माणसं कुस्तीच्या रिकाम्या हौद्याकडं बघून, एकेक चिमूट माती कपाळाला लावून परत फिरली.

आमच्या घरात मात्र आनंदीआनंद. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. बापू आणि शिदू एका पंक्तीला जेवायला बसले आणि भाकरी मोडायची पैज लावू लागले. त्यात मी वाढपाची परात तशीच खाली ठेवून पळत सुटले. महादू ओढ्यावर भाकरी खायला थांबायचा, तिथं त्याला गाठलं. धाप लागली होती, पदर काट्याला अडकून फाटला होता. म्हटलं, महादू, एक पाकीट चुकून गेलंय, तेवढं दे.

महादूनं थैली दुसऱ्या खांद्यावर घेतली. म्हणाला, "मास्तरीणबाई, लाख कुनी लावली?"

"मी."

"मग आता ती सरकारची झाली." आणि तो ओढा उतरून चालू लागला. मी काठावरून त्याला काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. परत आले तेव्हा कोणी विचारलं, कुठं गेला होता? म्हटलं, कोथिंबीर बघायला.

पुढचे चार दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. भाकरी करपली, चहात मीठ पडलं. मांडवाच्या मेढी आल्या, हळद दळून झाली, हौसा रोज सकाळी खडूनं भिंतीवर रजेची एक रेघ खोडायची, आणि मी मनात शनिवार मोजायची. मास्तरांना सांगावं म्हटलं तर त्यांना ताप. ताप उतरला तेव्हा सांगितलं. पुन्हा चढला.

शनिवारी अंक आला. पहिल्याच पानावर, एक अक्षर न गाळता, माझी सहा डावांची कुस्ती! संपादकांनी वर स्वतःच्या पदरचं 'प्रेक्षणीय' हे विशेषणही घातलं होतं.

गावानं ते कसं घेतलं म्हणाल? पहिल्या दिवशी लोक हसले. रिकामं मैदान सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरहून सासूबाईंच्या माहेरची दोन माणसं शिदूला फेटा बांधायला आली.   शिदूनं बांधून घेतला. वर म्हणाला, बांधल्यावर काय सोडायचा? तिसऱ्या दिवशी पारावर एक जण सांगत होता, की फौजदार गेल्यावर मागच्या खळ्यावर कुस्ती झाली, त्यानं सोता बघितली, आणि डाव सहा नव्हे, चांगले सात होते.

हौसानं अंक हातात घेतला, ती माती झटकायची ओळ वाचली आणि माझ्याकडं मान वर न करता म्हणाली, "वैनी, हे तुमी लिवलंय."

म्हटलं, कशावरून?

"मास्तरदादास्नी येवढं सुचत न्हाई."

आणि त्याच तिसऱ्या दिवशी दुपारी बापूचे चुलते आले. त्यांना सगळे तात्या म्हणत. वडील नसलेल्या बापूचं सगळं करणारे तेच. पांढरा फेटा, हातात काठी, काखेत साताऱ्याचं साप्ताहिक. (इथलं तिथं कोण वाचणार, हा माझा हिशेब. कवठ्याच्या बाजारात भजी बांधून दिली होती त्यात!) त्यांनी तेलकट पान सोप्यात सगळ्यांच्या मधोमध पसरलं.

शिदू म्हणाला, "तात्या, आवं कुस्तीच झाली न्हाई. बापू तवा आमच्यात जेवत हुता."

"झाली न्हाई ते मलाबी म्हाईत हाय," तात्या म्हणाले. "पर छापलंय न्हवं?"

 मी पुढं कितीतरी विद्वान माणसांना वर्तमानपत्रांबद्दल बोलताना ऐकलं, पण एवढं नेमकं कोणी बोललं नाही. तात्यांचं म्हणणं, ज्यांनी बघितलं नाही त्यांनी वाचलंय. आणि न बघणारे नेहमी जास्त असतात. पलटणीत बापूनं काय तोंड दाखवायचं? हे निस्तरत नाही तोवर लग्न नाही. भिंतीवर पंधरा रेघा उरल्या होत्या. हौसा दाराआड उभी होती. मला तिच्या बांगड्यांचा आवाज बंद झालेला कळला.

मी उठून शेजारच्या शाळेच्या खोलीत गेले. मास्तरांच्या टेबलावरचं टपाल चाळू लागले. शाळेला सांगलीचं साप्ताहिकही यायचं. ते अजून फोडलं नव्हतं. फोडलं. 'आमच्या कवठ्याच्या बातमीदाराकडून': जत्रेतील शेवटच्या कुस्तीत बापूनं शिदूला तीन मिनिटांत चितपट केलं होतं. हरलेल्या पैलवानानं पडल्या पडल्या आभाळाकडं बघून हात जोडले होते, असंही होतं. वाक्य बरं होतं. माझ्याइतकं नाही.

मी पान घेऊन सोप्यात आले. मनात म्हटलं, कवठ्याला शाळामास्तर नवा, तलाठी आजारी. मग एवढं लिहिणारं आहे कोण? तात्यांच्या सदऱ्याच्या खिशाला शाईचा डाग होता.

मी आवाज खाली करून विचारलं, "तात्या, तुमच्याकडं टपाल कवा निघतं?"

तात्यांनी पान बघितलं. माझ्याकडं बघितलं. काठी दुसऱ्या हातात घेतली.

"बाराला," म्हणाले. आणि पानाची घडी करत, "तुमच्याकडं?"

"एकला."

"मंजे एक तास जादा हाय तुमास्नी," तात्या म्हणाले, आणि चहा मागितला.

त्या दिवसापासून तात्या आणि मी एका बोटीतले. दोघांनाही बोलता येईना. त्यांनी कबूल केलं तर त्यांची बातमीदारी जायची, मी केलं तर मास्तरांची. आणि पैलवानांनी आम्हां दोघांना कुठल्या डावानं धरलं असतं ते वेगळंच. ठरलं असं, की दोन्हीकडं खुलासा छापून आणायचा आणि लग्न ठरल्या सोमवारी उरकायचं. तात्यांनी जाताना एकच बजावलं: सप्तपदी होईपर्यंत काही वेडंवाकडं झालं, तर भावकीपुढं त्यांचं काही चालणार नाही, वऱ्हाड उठेल.

खुलासा पुढच्या शनिवारी आला. 'सदर कुस्ती झालीच नाही, असे आमचे बातमीदार आता कळवितात.' दोन्ही अंकांत जवळजवळ सारखा.

तो वाचून आमच्या गावातल्या शेवटच्या शहाण्या माणसाचाही धीर सुटला. 'आता' कळवितात म्हणजे काय? कोणीतरी दाबलंय. दोन्हीकडं एकदम कसं आलं? म्हणजे वरून हुकूम आला. आमची माणसं म्हणू लागली, कुस्ती झाली आणि शिदू जिंकला म्हणून दडपली. कवठ्याकडची म्हणाली, बापू जिंकला म्हणून दडपली. पाचशे माणसांनी रिकामा हौदा बघितला होता, त्यांतल्या एकाचाही आता डोळ्यांवर विश्वास राहिला नाही आणि कागदावर तर नाहीच. आणि मग कोणीतरी बातमी उठवली (कुठल्याही वर्तमानपत्रात न येता ती एका दिवसात वाळव्यापर्यंत पोचली), की जमावबंदी लग्नाला लागू नाही, तेव्हा लग्नात फेरकुस्ती होणार.

सोमवारी दोनशे पानांचा बेत होता. आठशे माणसं आली. त्यांतल्या निम्म्यांना नवरीचं नाव माहीत नव्हतं. नवऱ्याचं वजन मात्र सगळ्यांना माहीत होतं. मांडवात माणसं बोहल्याकडं तोंड करून बसतात. ही गोल बसली. फौजदार बंदोबस्ताला आला होता. त्यानं बाजूला उभं राहायचं तर पहिल्या रांगेत मांडी घातली. मी हातात तबक घेऊन सारखी आत-बाहेर करत होते. तात्या मुंडाशाच्या शेवानं घाम पुसत होते. आमची नजर झाली की दोघेही दुसरीकडं बघायचो.

अक्षता पडल्या.  होम पेटला. आणि भटजींनी शांतपणे म्हटलं, "नवरीचा भाऊ कुठं आहे? कानपिळीला या."

मी सगळं योजलं होतं. पैलवानांना वेगळ्या घरी उतरवलं होतं, हलगीवाल्याला अर्ध्या वाटेतून परत धाडायला सांगितलं होतं. एवढंच ध्यानात आलं नाही, की आपल्या लग्नात भावानं नवऱ्याचा कान पिळायचा असतो!

शिदू उठला.  शिदूनं खाली वाकून माती कपाळाला लावली. कशाला लावायची? सवय! मग बापूचा कान धरला. पिळला. सोडायला हवा होता; सोडला नाही. नवऱ्यानं हसून मान वाकडी केली. शिदूनं अजून पिळला. कुठूनतरी हलगी कडाडली. (तो हलगीवाला परत गेलाच नव्हता.) बापूच्या कपाळाला मुंडावळ्या, गळ्यात हार, अंगाला ओली हळद, पण हलगी कानावर पडली आणि त्याचा हात आपोआप खाली गेला. त्यानं शिदूचा एकेरी पट काढला.

आठशे माणसं उभी राहिली. भटजी समिधा घेऊन बाजूला सरकले. शिदूनं हात टाकला तो हळदीवरून निसटला, दोघे एकमेकांत गुंतून मागं गेले आणि मांडवाच्या मधल्या मेढीवर आदळले. कापडाची टंचाई होती, म्हणून मांडवावर आम्ही गावातून गोळा केलेली घोंगडी जोडून घातली होती. शंभर-सव्वाशे तरी असतील. ती सगळी एका दमात खाली आली.

भर दुपारी मिट्ट काळोख. लोकरीचा वास, खोकला, आणि 'कोण वर हाय? कोण वर हाय?' एवढंच ऐकू येत होतं. मी होमाशेजारी होते. माझ्या तबकावर घोंगडीचा तंबूसारखा उंचवटा झाला होता आणि निखाऱ्यांचा लालसर उजेड. त्या उजेडात मी जे बघितलं ते आठशेंपैकी दुसऱ्या कोणी बघितलं नाही.

दोघे पैलवान एकमेकांचे पाय धरून पडलेले. ना कोणी वर ना कोणी खाली. आणि हौसा शालू सावरत गुडघ्यांवर आली, एका हातानं भावाचा कान धरला, दुसऱ्यानं नवऱ्याचा, आणि दोघांची डोकी मातीला टेकवली.

"सात पावलं राह्यलीत आन आठ दिस," ती म्हणाली. "कुस्ती मागनं खेळा."

बाहेरच्यांनी घोंगडी ओढून काढेपर्यंत हौसा आणि बापू होमाभोवती चौथ्या पावलावर होते. भटजी खोकत खोकत मंत्र म्हणत होते. शिदू एका कोपऱ्यात कान चोळत बसला होता. तात्यांनी सातवं पाऊल पडलेलं बघितलं आणि चहा मागितला. फौजदारानं मला हळूच विचारलं, बाई, निकाल काय लागला?

रात्री नाही, दुसऱ्या दिवशी उजेडी मी लिहायला बसले. मास्तर म्हणाले, नेहमीसारखं दोन ओळीत आटप. मी म्हटलं, नाही. आजवर आपण न बघता लिहिलं. हे मी बघितलंय. जे बघितलं तेवढंच लिहीन, जास्त एक डाव घालणार नाही. आणि खरोखर एक अक्षर पदरचं घातलं नाही. सगळं लिहिलं: कान, हलगी, घोंगडी, हौसा. खाली मास्तरांची सही घेतली, लाख लावली, महादूच्या हाती थैली दिली तेव्हा त्याला मुद्दाम चहा पाजला.

आठ दिवसांनी बापू पलटणीत गेला आणि संपादकांचं पत्र आलं. लिहिलं होतं, 'मास्तर, आपले वृत्त वाचून करमणूक झाली. तथापि वाचकांचा आमच्यावरील विश्वास आधीच डळमळीत असता असले कल्पित काही छापणे परवडणार नाही. यापुढे पूर्वीप्रमाणे विश्वसनीय मजकूर पाठवावा.'

पत्र वाचून मास्तरांनी ते माझ्यापुढं सरकवलं. घड्याळात पाऊण वाजला होता. मी टाक उचलला आणि लिहिलं, 'विवाह समारंभ शांततेत पार पडला.' शिळं असूनही ते मात्र पुढच्याच शनिवारी छापून आलं. गावात एकानंही विश्वास ठेवला नाही. त्यानंतर लढाई संपल्याचं छापून आलं, तेव्हा गावानं बापूचं पत्र येईपर्यंत थांबायचं ठरवलं.

बापू आला. पेन्शनीवरही आला. हौसानं ते कात्रण ट्रंकेत जपून ठेवलं होतं. परवा तिच्या थोरल्या लेकीनं ते काढलं आणि माझ्यापुढं धरून म्हणाली, "मामी, आई सांगत असते की लग्नात तिनं दोन पैलवान लोळवले. खोटं बोलते बघा. इथं शांततेत म्हणून छापलंय."

हौसा माझ्याकडं बघत होती. मी चष्मा लावून ते कात्रण नीट वाचलं आणि परत दिलं. म्हटलं, छापलंय ना, मग तसंच असेल. खुलासा केला की काय होतं, ते मी एकदा बघितलं होतं.